जाहिरातीचं व्याकरण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'जाहिराती आणि आपण' हा विषय दिला आणि वीस मिनिटांची मर्यादा घातली. पण समोर आपल्या मराठीच्या बाई बसल्या आहेत हे पाहून विषय थोडासा वळवून घेतो. जाहिरात आणि प्रचार ओळखायला जे लागतं, त्यातलं बरंचसं आपल्याला याच शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकवलं गेलं आहे, एवढीच गोष्ट मला आज सांगायची आहे. कर्ता शोधा, अव्यय ओळखा, अलंकार सांगा, काळ ओळखा, गाळलेल्या जागा भरा. तेव्हा हे सगळं दोन-दोन मार्कांसाठी केलं. आता त्यावर पैसे आणि तब्येत अवलंबून आहे.

आताच हे का बोलायचं? कारण आपण सगळे साठीच्या आसपास आहोत. कुणाच्या हातात प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम आली आहे, कुणाच्या येईल. गुडघे कुरकुरू लागले आहेत, साखर तपासायला सुरुवात झाली आहे. मुलं लांब आहेत आणि हातात फोन आहे. बाजाराच्या दृष्टीनं याहून चांगलं गिऱ्हाईक नाही. आणि आपण नुसतं गिऱ्हाईकही राहिलेलो नाही. सकाळी सहा वाजता ग्रुपवर आलेला मजकूर सव्वासहापर्यंत आणखी चार ग्रुपांवर जातो, म्हणजे आपण बिनपगारी वाटपवालेसुद्धा झालो आहोत.

शाळेत हे शिकवायचा प्रयत्न जगात पूर्वी झाला आहे. १९३७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा ॲनालिसिस' नावाची संस्था निघाली. युरोपात हुकूमशहांचा प्रचार जोरात होता आणि अमेरिकेत जाहिरातींचा. या संस्थेनं प्रचाराच्या सात युक्त्या काढून शाळा-कॉलेजांसाठी साहित्य तयार केलं. आपल्या भाषेत त्या अशा सांगता येतील: विरोधकावर शिक्का मारणं, गोड पण पोकळ शब्द वापरणं, दुसऱ्याची पुण्याई उसनी घेणं, मान्यवराची साक्ष काढणं, 'मी तुमच्यातलाच' म्हणणं, सोयीचे तेवढेच पत्ते मांडणं, आणि 'सगळे निघाले, तुम्हीही चला' असं म्हणणं. पुढे अमेरिका महायुद्धात उतरली आणि १९४२ मध्ये संस्था बंद पडली. युद्धकाळात सरकारलाच प्रचाराची गरज असते, तेव्हा प्रचार ओळखायला शिकवणारे कुणाला नको असतात. त्या सात युक्त्या मात्र आजही जशाच्या तशा चालू आहेत. आता आपल्या प्रश्नपत्रिकेकडे वळू.

पहिला प्रश्न: कर्ता ओळखा.

'रामाकडून रावण मारला गेला' हे वाक्य आठवतं? कर्मणी प्रयोग. त्यातला 'रामाकडून' हा शब्द काढला तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या उभं राहतं, फक्त मारणारा दिसेनासा होतो. जाहिरातीला हा प्रयोग फार आवडतो. 'सिद्ध झालं आहे', 'शिफारस केली जाते', 'सर्वोत्तम मानलं जातं'. कुणी सिद्ध केलं? कुणी शिफारस केली? मानणारा कोण? आणि त्याला पैसे कोण देतं?

याचं जुनं उदाहरण १९४६ चं आहे. अमेरिकेत कॅमल सिगारेटची जाहिरात सुरू झाली, तिचा दावा असा की डॉक्टर मंडळी इतर कुठल्याही सिगारेटपेक्षा कॅमल जास्त ओढतात. पांढरा कोट, हसरा चेहरा, हातात सिगारेट. आधाराला सर्वेक्षण होतं. पण ते केलं होतं कंपनीच्याच जाहिरातसंस्थेनं, आणि डॉक्टरांना आधी कॅमल फुकट देऊन मग त्यांचा ब्रँड विचारला जात होता, असं पुढे वैद्यकीय इतिहासकारांनी लिहिलं आहे.

दुसरं उदाहरण अलीकडचं. ब्रिटनमध्ये कोलगेटच्या जाहिरातीत ऐंशी टक्क्यांहून अधिक दंतवैद्य ही टूथपेस्ट सुचवतात, असा दावा होता. वाचणाऱ्याला वाटतं, उरलेल्या सगळ्या कंपन्यांच्या वाट्याला वीस टक्केसुद्धा आले नाहीत. २००७ मध्ये तिथल्या जाहिरात नियामक संस्थेनं ही जाहिरात थांबवायला लावली. कारण सर्वेक्षणात दंतवैद्यांना एकापेक्षा अधिक ब्रँड सांगायची मुभा होती. दुसऱ्या एखाद्या टूथपेस्टलाही जवळपास तेवढीच मतं असू शकत होती. आकडा खरा होता, पण आपल्याला उत्तर दाखवलं आणि प्रश्न लपवला. म्हणून टक्केवारी दिसली की आपण विचारायचं, 'प्रश्न काय होता?'

कर्ता लपवण्याची सर्वांत हुशार रीत म्हणजे जाहिरात जाहिरातच वाटू न देणं. एडवर्ड बर्नेज हा या धंद्यातला मोठा माणूस, मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडचा भाचा. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टरच्या मिरवणुकीत त्यानं काही तरुणींना उघडपणे सिगारेट ओढत चालायला लावलं. तेव्हा बाईनं रस्त्यावर सिगारेट ओढणं वाईट समजलं जाई. 'स्वातंत्र्याच्या मशाली' असं नाव त्या सिगारेटींना दिलं गेलं आणि वर्तमानपत्रांनी ती बातमी म्हणून छापली. पैसे सिगारेट कंपनीचे होते. वाचकाला मात्र दिसली स्त्रीमुक्ती. आज एखादी ओळखीची अभिनेत्री 'मी रोज हेच घेते' म्हणत मोबाइलवर हसते, तेव्हा युक्ती तीच असते. आपल्याकडे अशा वेळी पैशांचा संबंध उघड सांगणं आता बंधनकारक आहे. तो उल्लेख कुठे, किती बारीक अक्षरात आहे ते शोधणं म्हणजेच कर्ता शोधणं.

दुसरा प्रश्न: शब्दयोगी अव्यय अधोरेखित करा.

आपण हा प्रश्न कंटाळत सोडवायचो. आता पाहा. '७० टक्क्यांपर्यंत सूट'. सगळी सूट 'पर्यंत' या एका अव्ययात आहे. दुकानात एका शर्टावर सत्तर टक्के आणि बाकी सगळ्यावर दहा टक्के सूट असली, तरी वाक्य खोटं ठरत नाही. '४० लाखांपासून घरं' यातलं 'पासून' तसंच. 'अधिक शुभ्र', 'जास्त ताकद' इथे उलटा प्रकार, इथे 'पेक्षा' गायब आहे. कशापेक्षा अधिक? जुन्या साबणापेक्षा, की नुसत्या पाण्यापेक्षा? आणि 'घरच्यासारखं लोणचं', 'लोण्यासारखी चव' यातलं 'सारखं'. उपमा अलंकार शिकताना आपण पाठ केलं होतं की उपमेय आणि उपमान या दोन वेगळ्या वस्तू असतात, म्हणूनच त्यांची तुलना होते. लोण्यासारखं म्हणजे लोणी नव्हे, हे त्या पाकिटावरच लिहिलेलं असतं. आपणच ते वाचत नाही.

क्रियापदंही अशीच सावध असतात. 'मदत करतं', 'आधार देतं', 'साहाय्यभूत ठरतं'. गुडघेदुखी 'बरी करतं' असं म्हटलं तर पुरावा द्यावा लागेल. 'सांध्यांच्या आरोग्यास मदत करतं' म्हटलं की सुटका. आपण वाचताना 'मदत' गाळतो आणि 'बरं करतं' असं वाचतो. लबाडीचं शेवटचं वाक्य अशा वेळी जाहिरात बोलत नाही, ते आपणच मनात पुरं करतो.

तिसरा प्रश्न: अलंकार ओळखा.

जाहिरातीतली अतिशयोक्ती मला मुळीच खटकत नाही. फेविकॉलच्या डब्यातून दाणे टिपणारी कोंबडी आणि तिचं न फुटणारं अंडं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कुणी ते खरं मानून अंडं आपटून पाहिलं नाही. अतिशयोक्ती स्वतःची ओळख स्वतःच देते, म्हणून ती निरुपद्रवी. सावध राहायचं ते रूपकापासून. रूपकात दोन वस्तू एकरूप होतात आणि 'सारखं' हा शब्दच नाहीसा होतो. सिगारेट म्हणजे स्वातंत्र्य. हिरा म्हणजे प्रेम. डी बिअर्स कंपनीसाठी हिरा आणि चिरंतनत्व यांची सांगड घालणारं घोषवाक्य १९४७ मध्ये लिहिलं गेलं, आणि पुढे साखरपुड्याला हिऱ्याचीच अंगठी हवी ही जणू प्राचीन परंपरा असल्यासारखं जग वागू लागलं.

आपल्या घरात सर्वांत खोल गेलेलं रूपक होतं 'गोरेपणा म्हणजे यश'. फेअर अँड लव्हली आपल्याकडे १९७५ पासून मिळू लागली. सावळ्या मुलीला नोकरी नाही, लग्न जमत नाही. ट्यूब वापरली की दोन्ही दारं उघडली. ही गोष्ट आपल्या वर्गातल्या मुलींनी त्यांच्या सर्वांत हळव्या वयात दूरदर्शनवर पाहिली. महिला संघटनांनी त्याविरुद्ध तक्रारी केल्या, लढल्या. २०२० मध्ये नावातला 'फेअर' गेला. पण न्याय करायचा तर सगळा दोष कंपनीवर ढकलता येत नाही. 'गोरी, सुस्वरूप वधू पाहिजे' अशा जाहिराती आपलीच घरं छापून आणत होती. जाहिरात भीती शून्यातून निर्माण करत नाही. आपल्यात असलेली लाज ती शोधून काढते आणि तिची किंमत लावते.

कधी कधी तर त्या लाजेचं बारसंही करते. लिस्टरिन हे मुळात शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचं जंतुनाशक. १९२० च्या दशकात कंपनीनं तोंडाच्या दुर्गंधीला 'हॅलिटोसिस' हे भारदस्त वैद्यकीय नाव जाहिरातींतून घरोघरी पोचवलं. या 'विकारा'मुळे लग्न जुळत नाही, मित्र टाळतात आणि तोंडावर कुणी सांगत नाही, असं बजावलं. औषध जुनंच होतं, नवीन होती ती काळजी.

चौथा प्रश्न: काळ ओळखा.

हा प्रश्न निवृत्तीच्या पैशांसाठी. 'गेल्या तीन वर्षांत इतका परतावा' हा भूतकाळ. आपण मनात वाचतो तो भविष्यकाळ. या दोन काळांच्या मधली सूचना जाहिरातीच्या शेवटी एका दमात, धापा टाकत म्हटली जाते. १९९० च्या दशकातल्या सागवान लागवडीच्या योजना आठवत असतील. वर्तमानपत्रांत मोठमोठ्या जाहिराती, हिरवंगार रान आणि वीस वर्षांनी मिळणाऱ्या लाखोंचे आकडे. साग मोठा व्हायला दोन-दोन दशकं लागतात, म्हणजे वचन पाळलं की मोडलं हे कळायलाच अर्धं आयुष्य जाणार. अनेकांचे पैसे बुडाले, आणि अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी सेबीनं १९९९ मध्ये नियम केले. क्रियापदाच्या शेवटी 'ईल' किंवा 'तील' आलं की थांबायचं आणि विचारायचं: आज, वर्तमानकाळात, ही कंपनी सेबीकडे किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का? नोंदणी तपासून घेता येते. 'खात्रीशीर' आणि 'भरघोस' हे दोन शब्द एकाच परताव्याला लागलेले दिसले, तर तपासायचीही गरज नाही.

आज्ञार्थाबद्दलही एक वाक्य. 'आजच घ्या', 'फक्त दोन उरले', 'ऑफर दहा मिनिटांत संपेल'. विचार करायला वेळ लागतो, म्हणून पहिल्यांदा तुमचा वेळच काढून घेतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या अशा १३ फसव्या रचनांवर बंदी घातली. खोटी घाई करणं ही त्यातली एक. न सांगता गाडीत आणखी वस्तू टाकणं ही दुसरी. 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणारं बटण ही तिसरी. उपाय आपल्या आजीचा आहे: उद्या बघू.

पाचवा प्रश्न: गाळलेल्या जागा भरा.

मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे जीव गेले आहेत. गेल्या शतकात गरीब देशांत बाळाच्या दुधाच्या भुकटीचा मोठा प्रचार झाला. गुबगुबीत बाळाचं चित्र, फुकट नमुन्याचा डबा, आणि काही ठिकाणी तर नर्ससारखा पोशाख केलेल्या कंपनीच्या विक्रेत्या प्रसूतिगृहात येत. डब्यातलं दूध विषारी नव्हतं. जाहिरातीत काय गाळलं होतं, ते पाहा. भुकटी कालवायला स्वच्छ पाणी लागतं. बाटली उकळायला इंधन लागतं. पुढचा डबा विकत घ्यावा लागतो, आणि पैसे कमी पडले की आई भुकटी पातळ कालवते. सर्वांत मोठी गाळलेली जागा अशी की बाळ अंगावर पिणं थांबलं की आईचं दूध आटतं. फुकटचा डबा संपेपर्यंत परतीचा रस्ता बंद झालेला असतो. याविरुद्ध जगभर चळवळ झाली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आचारसंहिता केली आणि भारतात १९९२ च्या कायद्यानं या भुकटीची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरातच बंद केली. त्या जाहिरातींतलं एकेक वाक्य तपासून फारसं काही सापडलं नसतं. जे लिहिलं नव्हतं ते मारक होतं.

गाळलेल्या जागा कधी बारीक अक्षरांत भरलेल्या असतात. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत हवा आणि त्यानं मूळ दाव्याला छेद देता कामा नये. २०२४ मध्ये पतंजलीच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात कंपनीनं वर्तमानपत्रांत माफी छापली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं साधा प्रश्न विचारला: ही माफी तुमच्या जाहिरातींएवढ्या आकाराची आहे का? मला वाटतं, अक्षरांच्या आकाराबद्दल इतका नेमका प्रश्न आपल्या शुद्धलेखनाच्या वहीनंतर प्रथमच कुणी विचारला असेल.

सहावा आणि शेवटचा प्रश्न: सर्वनाम ओळखा.

इथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आम्ही' मध्ये ऐकणारा बाहेर असतो, 'आपण' मध्ये तो आत ओढला जातो. साबणवालाही म्हणतो, 'आपण सगळे आता हाच वापरतो.' इथवर फार बिघडत नाही, साबण बदलता येतो. पण जाहिरात प्रचार होते तेव्हा 'आपण' च्या समोर एक 'ते' उभं राहतं. सर्वनाम नामाऐवजी येतं हा नियम. 'ते' म्हणजे नेमके कोण, किती, त्यांची नावं काय, हे प्रचार कधी सांगत नाही.

१९९३ मध्ये रवांडात एक रेडिओ केंद्र सुरू झालं. झकास गाणी, गप्पा, विनोद. तरुणांना ते आवडू लागलं. त्याच केंद्रावरून तुत्सी लोकांना 'झुरळं' म्हटलं जाऊ लागलं. १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली, आणि त्या काळात याच रेडिओनं मारणाऱ्यांना चिथावलं. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं त्या केंद्राच्या चालकांना शिक्षा दिली. माणसाचं नाम काढून तिथे 'ते' घातलं, मग 'ते' काढून किड्याचं नाव घातलं. दोन पायऱ्या. आपण ज्यांच्याबरोबर एका बाकावर बसून डबा खाल्ला, त्यांच्याबद्दल एखादा फॉरवर्ड असं बोलू लागला, तर तो कुठल्या पायरीवर आहे ते आपल्याला ओळखता आलं पाहिजे. मजकूर आपल्याला पटणारा असेल तर जास्तच.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग काय कुणावर विश्वासच ठेवायचा नाही? तसं नाही. चांगल्या वस्तूलाही जाहिरात लागते. पोलिओचे दोन थेंब घरोघरी पोचले त्यात जाहिरातींचा वाटा मोठा होता. त्या जाहिरातीला आपले सहा प्रश्न विचारून पाहा. कर्ता कोण? सरकार, उघडपणे. काय गाळलं? पुढच्या वेळी पुन्हा यायचं आहे, हेसुद्धा गाळलं नव्हतं. खरी जाहिरात व्याकरणाच्या परीक्षेला घाबरत नाही.

एक व्यावहारिक सूचना करून थांबतो. आपल्या ग्रुपवर औषध, गुंतवणूक किंवा एखाद्या समाजाबद्दलचा मजकूर टाकण्याआधी टाकणाऱ्यानं 'कर्ता:' असं लिहून पुढे मूळ स्रोत द्यावा. स्रोत सापडला नाही तर मजकूर टाकू नये. कुणी टाकलाच तर भांडायचं नाही, फक्त 'कर्ता?' एवढंच विचारायचं. आणि जाहिरातीनं खरोखर फसवलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो फोनमध्ये आजच, माफ करा, उद्या विचार करून जतन करा.

गृहपाठही देतो. उद्याच्या वर्तमानपत्राचं पहिलं पान घ्या, जवळ नातवंड असेल तर त्याला शेजारी बसवा आणि लाल पेन त्याच्या हातात द्या. तपासायला बाई आहेतच.